म्युनिसिपल बाँड फंड: तीस वर्षांची सरासरी पुढच्या पंधरा वर्षांना लावू नका

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे: कॅलिफोर्नियात दोघांची नोकरी, रिटर्न जोडीने भरता, फेडरल (केंद्रीय) कराचा स्लॅब ३२ टक्के. पंधरा वर्षांसाठी काही रक्कम म्युनिसिपल बाँड फंडात ठेवायची आहे (म्युनिसिपल किंवा ‘म्युनी’ बाँड म्हणजे अमेरिकेतली राज्यं आणि शहरं काढतात ते कर्जरोखे, ज्यांच्या व्याजावर सहसा फेडरल कर लागत नाही). या बाँडांच्या इंडेक्सचा १९९५ ते २०२४ असा तीस वर्षांचा परतावा वर्षाला ४.६६ टक्के दिसतो, तो हिशेबात धरावा का? फंडाचा चार्ट वीस वर्षं सपाट का? आणि काही वर्षांनी पुण्याला परतलात तर काय?

चार्टचं आधी सांगतो, कारण तो गुंता लगेच सुटतो. तुम्ही पाहिलात तो फक्त युनिटच्या किमतीचा, म्हणजे एनएव्हीचा आलेख आहे. या फंडांत व्याज रोज जमा होतं आणि महिन्याला डिव्हिडंड म्हणून बाहेर पडतं, त्यामुळे ते किमतीत साठत नाही. बाँड फंडाची दीर्घ मुदतीची जवळजवळ सगळी कमाई व्याजातूनच येते, म्हणून किंमत वर्षानुवर्षं त्याच पट्ट्यात घुटमळते. फंडाच्या पानावर ‘ग्रोथ ऑफ १०,०००’ किंवा ‘टोटल रिटर्न’ निवडा, म्हणजे डिव्हिडंड पुन्हा गुंतवल्याचा आलेख दिसेल.

आता ४.६६. आकडा खरा आहे, पण तो तीन अगदी वेगळ्या दशकांची गोळाबेरीज आहे. ब्लूमबर्ग म्युनिसिपल बाँड इंडेक्समध्ये १९९५ च्या सुरुवातीला ठेवलेले १०,००० डॉलर २००४ अखेर सुमारे १९,७८० झाले, म्हणजे वर्षाला ७.०६ टक्के. २००५ ते २०१४ मध्ये १०,००० चे १५,८८५ झाले, ४.७४ टक्के. २०१५ ते २०२४ मध्ये फक्त १२,४९४, म्हणजे २.२५ टक्के. त्याच तीन दशकांत अमेरिकेतली महागाई साधारण २.४, २.१ आणि ३ टक्के होती. म्हणजे शेवटच्या दशकात व्याज पुन्हा गुंतवूनही खरेदीशक्ती सातेक टक्क्यांनी घटली. सरासरी पाहणाऱ्याला हे दिसतच नाही.

हा फरक फंड मॅनेजरांच्या हुशारीचा नाही. बाँड घेताना त्यावर जो यील्ड (त्या किमतीला वर्षाला मिळणारा परतावा) मिळतो, तोच पुढच्या आठ-दहा वर्षांच्या परताव्याचा मोठा भाग ठरवतो. १९९५ च्या सुरुवातीला इंडेक्सचा यील्ड सहा टक्क्यांच्या वर होता. २०१५ च्या सुरुवातीला तो दोनच्या आसपास होता, आणि पदरात पडले २.२५. मधल्या दशकात चार टक्क्यांच्या आतून सुरुवात होऊन ४.७४ मिळाले, कारण व्याजदर घसरत गेले आणि जुन्या बाँडांच्या किमती वर गेल्या. ती वाढ एकदाच मिळते. दर तळाला गेल्यावर तोच जिना उलटा उतरावा लागतो.

तो उतार २०२२ मध्ये आला. २०२१ अखेर इंडेक्सचा यील्ड १.१ टक्क्यांच्या आसपास होता, वर्षभरात तो साडेतीनवर गेला आणि इंडेक्स ८.५३ टक्के पडला. इतक्या पातळ व्याजाची उशी कितीशी पुरणार? कुठल्या मोठ्या शहराने पैसे बुडवले म्हणून हे झालं नाही. याआधीचं मोठं वाईट वर्ष १९९४ (उणे ५.१७), तेही व्याजदरवाढीमुळेच, आणि १९९५ मध्ये १७.४६ टक्के परत मिळाले. २००८ ची उणे २.४७ टक्क्यांची घट वेगळी होती: बाँडांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांची पत ढासळली आणि खरेदीदारच उरले नाहीत. मार्च २०२० मध्ये लोकांनी एकदम युनिट विकायला काढले आणि दोन आठवड्यांत इंडेक्स दहा टक्क्यांहून जास्त घसरला, पण वर्ष अखेर ५.२१ टक्के फायद्यात संपलं. त्या दोन आठवड्यांत विकणाऱ्यांचंच नुकसान कायमचं झालं. डेट्रॉइट (२०१३) आणि पोर्तो रिको (२०१७) यांची दिवाळखोरी गाजली, पण चांगल्या पतीच्या, विखुरलेल्या फंडात बुडीत कर्जाचा वाटा नगण्य असतो. हाय-यील्ड, म्हणजे कमी पतीचे बाँड घेणाऱ्या म्युनी फंडांना मात्र हे वाक्य लावू नका.

म्हणून फंडाच्या पानावरचे तीन आकडे पाहा: एसईसी यील्ड (गेल्या ३० दिवसांवरून ठरलेल्या पद्धतीने काढलेला यील्ड), ड्युरेशन (दर बदलले की किंमत किती हलते त्याचं माप), खर्चाचं प्रमाण. ‘डिस्ट्रिब्यूशन यील्ड’ मागच्या वाटपावरून काढलेला असतो, तो धरू नका. ड्युरेशन ५ असेल तर दर एका टक्क्याने वाढल्यावर किंमत साधारण पाच टक्के पडते, आणि वाढीव व्याजाने ती भरून यायला काही वर्षं लागतात. पैसे तीन वर्षांत लागणार असतील तर हा फंड नकोच. खर्च एसईसी यील्डमधून आधीच वजा झालेला असतो, पण तरी बघा: ०.०५ टक्का घेणारे इंडेक्स फंड असताना ०.७५ देणं म्हणजे साडेतीन टक्क्यांतला पाचवा हिस्सा दुसऱ्याच्या खिशात घालणं.

कराचा हिशेब तुमच्या राज्यात जरा तिरपा आहे. समजा राष्ट्रीय म्युनी फंड (देशभरातले बाँड) ३.५ टक्के देतो, कॅलिफोर्निया फंड (फक्त त्या राज्यातले बाँड) ३.२ आणि ट्रेझरी फंड (अमेरिकी केंद्र सरकारचे बाँड) ४.५. राष्ट्रीय फंडाला फेडरल कर नाही, पण फंडातले निम्मे तरी बाँड त्या राज्यात करमुक्त धरले जाणारे नसतील तर कॅलिफोर्निया त्याच्या व्याजातलं काहीच माफ करत नाही. राज्याचा ९.३ टक्के कर गेला की हातात ३.१७. कॅलिफोर्निया फंडाचे ३.२ पूर्ण हातात. ट्रेझरीला राज्याचा कर नाही, पण फेडरल ३२ आणि तुमच्या उत्पन्नाला लागणारा ३.८ टक्के गुंतवणूक कर जाऊन २.८९ उरतात. म्हणजे म्युनीचा फायदा ०.२८ ते ०.३१ टक्क्यांचा, आणि एकाच राज्यात सगळे पैसे अडकवण्याची किंमत त्यातूनच द्यायची. मी तुमच्या जागी दोन्ही म्युनी फंड अर्धे-अर्धे घेईन. दरवर्षी त्या वेळचे यील्ड घालून हा हिशेब पुन्हा करा.

हे फंड आयआरए किंवा ४०१के या निवृत्तीच्या खात्यांत कधीच ठेवू नका, तिथे करमाफीचा उपयोग शून्य. विकताना झालेला भांडवली नफा करपात्रच असतो. फॉर्म १०९९-डीआयव्हीच्या बॉक्स १२ मधला आकडा रिटर्नमध्ये दाखवावा लागतो, आणि बॉक्स १३ मध्ये रक्कम असेल तर ती एएमटीच्या (पर्यायी किमान कराच्या) हिशेबात येते.

आता पुणे. भारतात तुम्ही पूर्ण रहिवासी झालात की जगभरचं उत्पन्न करपात्र होतं, आणि अमेरिकेची म्युनी करमाफी भारत मानत नाही. अमेरिकेत कर भरलेलाच नसल्यामुळे वजावटीला क्रेडिटही नाही. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससह ३१.२ टक्के गेले की ३.५ चे २.४१ उरतात. परतल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं बहुतेकांना आरएनओआर (रहिवासी, पण अजून पूर्ण रहिवासी नाही) दर्जा मिळतो. त्या काळात अमेरिकेतल्या खात्यात जमा झालेल्या नफ्यावर भारतात कर नाही, तेव्हाच फंड विकून बाहेर पडा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व ठेवणार असाल तर अमेरिकेचा भांडवली नफा कर त्यावर तरीही लागेल. अनेक ब्रोकर भारतातला पत्ता दिल्यावर म्युच्युअल फंडात नवी खरेदी बंद करतात, आणि काहींकडे डिव्हिडंडची पुनर्गुंतवणूकही थांबते. निघायच्या आधी तुमच्या ब्रोकरचा नियम लेखी विचारून घ्या.