सॅम्पलची खिडकी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला. गणेशखिंडला पुणे विद्यापीठात एम.एस्सी. केमिस्ट्रीला तुझा प्रवेश झाला, हॉस्टेलही मिळालं, आणि आता ‘सर, तिला चार गोष्टी सांगा’ असा हुकूम. तुझ्या आईचा प्रबंध मी चार वेळा परत पाठवला होता, त्याचाच हा सूड असावा. चार गोष्टी काही जमणार नाहीत. माझी एक फजिती सांगतो, बाकीचं तिच्यामागून येईल.

1984 साल. मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या वेळचं एनएमआर, म्हणजे चुंबकाच्या मदतीने रेणूची रचना ओळखणारं यंत्र, 60 मेगाहर्ट्झचं, लांबलचक चार्ट पेपरवर पेनने स्पेक्ट्रम काढणारं. त्या खोलीच्या भिंतीत एक खिडकी होती. नमुन्याची व्हायल (छोटी बाटली) आणि माहितीची स्लिप आत सरकवायची, दोन दिवसांनी कागद घ्यायला यायचं. एकदा माझ्या स्पेक्ट्रममध्ये 1.25 ला ट्रिप्लेट (तीन टोकांचा पीक), 2.05 ला सिंग्लेट (एकाच टोकाचा) आणि 4.1 ला क्वार्टेट (चार टोकांचा) दिसला. मी हरखलो. रेणूला इथाइल एस्टर लागला, शिवाय एक अ‍ॅसिटाइल! आठवडाभर बसून मेकॅनिझम रचला, सुंदर बाण काढले आणि विभागाच्या सेमिनारला तो मांडला. मागच्या रांगेतल्या एका वयस्कर सरांनी एवढंच विचारलं, “सॅम्पल किती वेळ वाळवलं होतंस?”

हॉलमध्ये हसू पसरलं. ते माझ्याच कॉलममधलं, शुद्धीकरणाला वापरलेलं आणि नीट न वाळवल्याने मागे राहिलेलं इथाइल अ‍ॅसिटेट होतं.

संध्याकाळी मी ऑपरेटरकाकांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, “पेन फिरत होता तेव्हाच मला दिसलं होतं. पण तुम्ही कागद घेतलात आणि गेलात. विचारलंत कुठे?”

बाळ, ती खिडकी तुला विभागात जागोजागी भेटेल. यंत्रं आज कितीतरी मोठी आहेत. 400 मेगाहर्ट्झचं एनएमआर म्हणजे 9.4 टेस्लाचं चुंबक, आत उणे 269 अंशाला द्रवरूप हेलियम, त्याभोवती उणे 196 अंशाला द्रवरूप नायट्रोजन. नायट्रोजन साधारण आठवड्याला भरावा लागतो, हेलियम काही महिन्यांनी. भरतात त्या दिवशी परवानगी काढून बघायला जा. क्वेंच झालं, म्हणजे चुंबक अचानक तापून हेलियम उकळलं, तर काय होतं, हे तिथेच विचार. एक लिटर द्रव हेलियमचा सातशे लिटरच्या आसपास वायू होतो आणि खोलीतली हवा बाहेर ढकलली जाते, म्हणून दाराशी ऑक्सिजनचा अलार्म असतो. पुस्तकात वाचलेलं चुंबकीय क्षेत्र आणि खिशातली एटीएमची पट्टी निकामी करणारं चुंबकीय क्षेत्र, यांत फरक आहे. पाकीट बाहेर ठेव.

सॅम्पल देण्याचीही एक रीत आहे आणि ती कोणी वर्गात शिकवत नाही. प्रोटॉनच्या स्पेक्ट्रमसाठी पाच-दहा मिलिग्रॅम पुरतं. कार्बनसाठी जास्त दे, कारण निसर्गात कार्बन-13 जेमतेम 1.1 टक्का, प्रोटॉन मिनिटांत होतो, कार्बनला रात्र जाऊ शकते. द्रावण पाश्चर पिपेटमध्ये कापसाचा बोळा घालून गाळून घे. तरंगणारे कण असले की शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) नीट होत नाही, पीक जाडे होतात आणि दोष मात्र यंत्राला लागतो. ट्यूबवर कागदाचं लेबल चिकटवू नकोस, ट्यूब डगमगते. सीडीसीएल3, म्हणजे नमुना विरघळवायचं क्लोरोफॉर्म, जुनं झालं की आम्लधर्मी होतं, नाजूक संयुग त्यातच मोडतं. 7.26 चा पीक सॉल्व्हंटचा आणि 1.56 चा पाण्याचा, हे इतकं पाठ असावं की त्यांच्याकडे बघून तुला आनंद होणार नाही. आणि स्लिपवर अपेक्षित रचना काढ. पुष्कळ मुलं ती जागा मोकळी सोडतात. रचना दिसली की ऑपरेटर तुझ्यासाठी विचार करायला लागतो. नाहीतर तू नुसता एक नंबर.

विभागातलं यंत्र बंद पडेल. पडतंच. तेव्हा हातावर हात ठेवून बसू नकोस. पवईला आयआयटीत आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात ‘सैफ’ची, म्हणजे मोठ्या यंत्रांची सामायिक केंद्रं आहेत, बाहेरचे नमुनेही ती शुल्क घेऊन तपासतात. देशभरात कुठलं यंत्र कुठे आहे हे आय-स्टेम पोर्टलवर सापडतं. पैसे भरण्याआधी मात्र गाइडची सही आणि कुठल्या हेडमधून (खर्चाच्या खात्यातून) खर्च टाकायचा, हे पक्कं कर.

आता सेमिनार. पुण्यात असण्याची चैन तुला अजून कळलेली नाही. तुझ्या विभागात आरणीकर सरांनी न्यूक्लिअर केमिस्ट्री रुजवली, पॅरिसला जोलियो-क्यूरींच्या प्रयोगशाळेत काम करून आलेला माणूस. पाषाणला 1950 पासून एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिच्या शेजारी 2006 पासून आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था. सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर. एखाद्या आठवड्यात तीन व्याख्यानं असली तर तिन्हींना जाऊ नकोस, एकालाच जा, पण वक्त्याचा एक पेपर आदल्या रात्री चाळून जा. सगळा कळणार नाही. मलाही कळत नसे. वहीत स्लाइडचा नंबर आणि समोर प्रश्न, एवढंच लिही. हात वर करायला इंग्रजीची भीती वाटली तर चहाच्या टेबलापाशी गाठ. ‘सर, स्लाइड बारा, तापमान उणे 78 च का?’ एवढ्या तुटक वाक्यालाही लोक दहा-दहा मिनिटं उत्तर देतात, कारण कोणीतरी खरंच ऐकलं होतं हे त्यांना समजतं. हजेरीच्या कागदावर सही करून मागच्या दाराने सटकणारी मुलंही दिसतील. त्यांना बिस्किटं मिळतात.

तुझा स्वतःचा सेमिनार आधी रूममेटला मराठीत सांगून बघ. मराठीत सांगता आला नाही तर तो तुला समजलेला नाही, इंग्रजीचा दोष नाही. न झालेल्या एका रिअ‍ॅक्शनची स्लाइड ठेव, चर्चा तिच्यावरच रंगते. आणि शेवटची गुलाबाच्या फुलाची ‘थँक यू’ स्लाइड कृपया नको.

फेलोशिपबद्दल आईला जास्त काळजी आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. पहिल्या वर्षाला असतानाच तीन विज्ञान अकादम्यांच्या संयुक्त समर फेलोशिपला अर्ज कर; दोन महिने दुसऱ्या प्रयोगशाळेत राहून काम करता येतं. अर्ज हिवाळ्याच्या तोंडाशीच बंद होतात, आणि मुलं जागी होतात मार्चमध्ये. मग सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. 200 गुण, तीन तास. भाग सी मधले प्रश्न चार-चार गुणांचे आणि चुकलं की पाव भाग कापला जातो, त्यामुळे सगळं सोडवायचा मोह सोड. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि मग समितीने काम पाहून हिरवा कंदील दिला की 42,000. घरभाडं नियमाप्रमाणे वेगळं. 2024 पासून निकाल तीन गटांत लागतो, त्यामुळे जेआरएफ हुकली तरी नुसत्या पीएच.डी. प्रवेशासाठी ते गुण चालतात, मात्र एकच वर्ष. विद्यापीठात पहिली आलीस तर इन्स्पायर ही केंद्र सरकारची फेलोशिप आहे. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप योजना आहेत, तुला लागू आहे का ते जाहिरात स्वतः वाचून ठरव, व्हॉट्सअ‍ॅपवरून नको.

हे पैसे वेळेवर येतील असं धरून चालू नकोस. माझ्या एका विद्यार्थ्याचे सात महिने अडकले होते. त्याने मेसचं बिल भरायला शिकवण्या घेतल्या आणि त्याच्या वहीत त्या काळातलं एकही पान नीट नाही. जॉइनिंग रिपोर्ट, घरभाड्याचा दाखला, दर महिन्याची कन्फर्मेशन, सगळ्याच्या पोचेसकट प्रती एका फायलीत ठेव. फाइल घेऊन स्वतः जा, ऑफिसातल्या मॅडमना नावाने ओळख, कागद कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर जातो ते एकदा त्यांच्याकडून समजून घे. कागद अडला तर कुठे अडला, हे तुला सांगता आलं पाहिजे. कंटिन्जन्सी, म्हणजे किरकोळ खर्चाचं अनुदान, 31 मार्चच्या आत खर्च कर. फेब्रुवारीत धावपळ करून कोणीही शहाणपणाची खरेदी केलेली मी पाहिलेली नाही.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनी पीएच.डी.साठी पेपर छापण्याची देशव्यापी सक्ती काढली, हे सीनियर तुला आनंदाने सांगतील. ते खरं आहे. पण त्याच नियमांत दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायला लावलंय, ते सांगायला विसरतील.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना माझ्याकडे उतर. पहिला स्पेक्ट्रम आणि त्याची स्लिप, दोन्ही घेऊन ये. मी आधी स्लिप बघणार आहे. आणि सॅम्पल परत हवं असेल तर ते डीएमएसओ या द्रावकात देऊ नकोस. ते 189 अंशाला उकळतं, तू रोटावर (द्रावक उडवायच्या यंत्रावर) रात्र काढशील आणि आईला फोन करून माझी तक्रार करशील.

तुझ्या आईचे
सर