एक्सएमएल शिकू की सोडून देऊ?

प्रश्न : मी बी.सी.एस.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यासक्रमात एक्सएमएल (टॅग लावून माहिती लिहायची पद्धत), डीटीडी (फाइलीत कोणते टॅग चालतील याचे नियम), एक्सएसएलटी (एक्सएमएलला दुसरं रूप देणारी भाषा) असं बरंच काही आहे. वर्गातली मुलं म्हणतात, ते जुनं झालं, थेट वेबपानं बनवायच्या रिअ‍ॅक्टला लाग. बाबांच्या भांड्यांच्या दुकानासाठी मालाची यादी एक्सएमएलमध्ये केली, तर क्रोम चौथ्या ओळीवरच अडतो : 'एक्सएमएलपार्सएंटिटीरेफ : नो नेम'. ती ओळ अशी : <नाव>कप & बशी</नाव>. यात वेळ घालवू का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी कपबशीचं बघू. अँपरसँड, म्हणजे 'कप' आणि 'बशी'मधलं चिन्ह, दिसला की पुढे एखाद्या एंटिटीचं (नावाने लिहिलेल्या चिन्हाचं) नाव येणार, असं पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा ब्राउझरचा भाग, धरून चालतो. तुमच्याकडे पुढे मोकळी जागा, म्हणून 'नो नेम'. सरळ 'कप-बशी' लिहा. नाहीतर त्या चिन्हाला चिकटून रोमन ए, एम, पी आणि मग अर्धविराम टाका.

एचटीएमएल असतं तर ब्राउझरने हे पोटात घातलं असतं. एक्सएमएलमध्ये पहिल्या चुकीला थांबायचं, हा १९९८ पासूनचा नियम. वेबपानांसाठी तो मला हट्टच वाटतो, पण पैशांच्या कामात हाच कडकपणा हवा. यूपीआयमध्ये बँका आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय यांच्यात जाणारे निरोप एक्सएमएलचे असतात. तुमच्या गावातल्या यंत्रमागवाल्यांचे हिशेब ज्या टॅलीत असतात, तीही एक्सएमएलमधून माहिती घेते-देते. त्यामुळे 'जुनं झालं' म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. रिअ‍ॅक्टही शिकाच, नोकरीला ते लागेल.

ब्राउझरमधल्या एक्सएसएलटीवर मात्र जीव टाकू नका. ब्राउझर १९९९ च्या १.० आवृत्तीपुढे गेलेच नाहीत, आणि २०२५ मध्ये गूगलने क्रोममधून ती काढायचंच जाहीर केलं. तिच्यामागची लायब्ररी जुनी, सुरक्षेच्या भानगडी फार. सर्व्हरवरची गोष्ट निराळी. मी ईपुस्तकांच्या कामात आहे. आमच्याकडे सॅक्सन या प्रोग्रॅमवर एक्सएसएलटी ३.० रोज चालते. एकाच फाइलीतून छपाईची प्रत आणि ईपब (ईपुस्तकाची फाइल) दोन्ही काढायचं, तर याहून सोयीचं मला अजून काही मिळालेलं नाही. डीटीडी परीक्षेपुरतं करा.

मन लावून शिकायचं ते एक्सपाथ, म्हणजे एक्सएमएलमधून हवा तो भाग शोधायची भाषा. टॅगची नावं मराठीत ठेवलीत ते छान, चालतात. यादी क्रोममध्ये उघडा आणि कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या आज्ञा लिहायच्या खिडकीत, डॉलर-एक्सच्या कंसात, अवतरणचिन्हांत लिहा :

//भांडे[भाव > 500]/नाव

पाचशेच्या वरची सगळी भांडी हजर, लूप वगैरे काही नाही. फक्त इथला आकडा इंग्रजीच हवा. मराठी ५०० ला एक्सपाथ चूक म्हणेल. फाइलीत भाव मराठी आकड्यांत असतील तर जास्त पंचाईत : ते आकडे म्हणून धरलेच जात नाहीत, चूकही दाखवली जात नाही, नुसतं रिकामं उत्तर येतं. यात भलेभले अडकतात.

सरावाला वर्डमध्ये लिहिलेली एखादी मराठी फाइल घ्या. तिची प्रत करून डॉकएक्सच्या जागी झिप लिहा आणि आतल्या 'वर्ड' फोल्डरातली 'डॉक्युमेंट' ही एक्सएमएल फाइल उघडा. दुरुस्त्या केलेलं एखादं वाक्य तिथे कसं तुकड्या-तुकड्यांनी साठवलेलं असतं ते बघा, आणि एक्सपाथने ते सलग जोडून दाखवा. जमलं की मला कळवा. अडलात तर तेवढा भाग पाठवा.