नऊ पॉइंट चार आहेत म्हणजे ती ठीक आहे असं नाही, ताई

नमस्कार ताई,

तुमची लेक पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ९.४ पॉइंटर आहे, आणि आता कॅम्पस प्लेसमेंटची तयारी करावी की गेट देऊन एम.टेक.ला जावं एवढाच तुमचा प्रश्न होता. पण मी पत्राच्या शेवटच्या चार ओळींवर अडकले. महालक्ष्म्यांना लातूरला आली तर दोन दिवस नुसती झोपून होती, पुरणपोळी आवडीची पण अर्धीच खाल्ली, चित्रं काढायची ते वर्षभर बंद आहे, रात्री तीन-चारपर्यंत ऑनलाइन दिसते आणि एवढे मार्क येऊनही म्हणते की मला काहीच येत नाही, एक दिवस माझं पितळ उघडं पडणार. आणि लगेच खाली तुम्हीच लिहिलंय, "पण ती खूप स्ट्रॉंग आहे, लहानपणापासून कधी रडली नाही."

ताई, मला काळजी ह्याच वाक्याची वाटते. आपल्याकडे मार्क घसरले की घर जागं होतं, क्लास बदलतो, कोणीतरी समजवायला येतं. मार्क चांगले असले की कोणी काही विचारतच नाही. मग हुशार मुलं काय करतात, आतून कितीही मोडली तरी अभ्यास तेवढा सोडत नाहीत, कारण तेवढीच एक गोष्ट हातात आहे असं त्यांना वाटतं. माझ्याकडे एक मुलगा यायचा, तो सांगायचा की मॅडम मी अभ्यासिकेच्या पार्किंगमध्ये जाऊन रडायचो, तोंड धुवून परत येऊन टेस्ट सोडवायचो आणि त्यात पहिला यायचो. घरी फक्त टेस्टचा निकाल कळायचा.

आणि हे फक्त विद्यार्थ्यांचं नाही. नेमबाज अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक गोल्ड जिंकलं, आणि नंतर स्वतःच सांगितलं की आयुष्यातला सगळ्यात अवघड मानसिक काळ हरल्यावर नाही, ते गोल्ड जिंकल्यावर आला. वर्षानुवर्षं ज्याच्यासाठी जगलो ते मिळालं, आता काय, ही पोकळी. म्हणून प्लेसमेंट झालं की आपोआप बरं वाटेल तिला, असं धरून चालू नका.

मी डॉक्टर नाही, तिला काय झालंय ते मी ठरवू शकत नाही. पण झोप, भूक, आवडीच्या गोष्टीतून मन उडणं, स्वतःला कमी लेखणं, हे सलग दोन आठवडे राहिलं तरी डॉक्टरला दाखवावं असं मानतात, इथे तर महिने झालेत. आधी फॅमिली डॉक्टरकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२ बघून घ्या कारण त्यानेही असा थकवा येतो, पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून तिथे थांबू नका, सायकियाट्रिस्टला भेटाच.

फोनवर नका बोलू. एसटी पकडा, पुण्याला जा, एक रात्र तिच्याजवळ राहा. "तुला काय कमी आहे" हे वाक्य चुकूनही नको, आणि "तू तर आमची वाघीण" हेही नको, त्याने ती अजून गप्प होईल. "तू नीट झोपत नाहीस, जेवत नाहीस, चित्रं सोडलीस, मला दिसतंय" एवढंच म्हणा आणि मग ऐका, मध्ये उपाय सांगू नका. आणि सरळ विचारा की जगू नये असं कधी वाटतं का. असं विचारल्याने डोक्यात ते येतं ही भीती खोटी आहे, उलट मुलांना बोलायला वाट मिळते. ती हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, गरज वाटली तर थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास फुकट आहे, मराठीतही बोलतात, तिच्याशी कसं बोलावं हे विचारायला तुम्ही स्वतःसुद्धा आजच लावू शकता.

राहिलं गेटचं. त्याला वयाची अट नाही, पुढच्या वर्षीही देता येते, पुढेही. स्कोअर तीन वर्षं चालतो. एक सेमिस्टर हळू गेलं, एखादी इंटर्नशिप सुटली तर त्याने करिअर संपलेलं मी तरी बघितलेलं नाही. तिला भेटून आलात की मला लिहा, आणि तिची हरकत नसेल तर पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, प्लेसमेंट की एम.टेक. हे मग तिच्याशीच बोलेन.