तिथी बघा, मग गाडी काढा

प्रश्न : आम्ही फोंड्याला राहतो. मेच्या सुटीत पुण्याहून नणंदेची दोन मुले येणार आहेत, थोरला नुकताच दहावी झालेला, धाकटी सातवीत. बागा-कळंगुट त्यांचे पाहून झालेय. दोन दिवस गाडी काढून समुद्र, तिथले जीव आणि थोडा इतिहास दाखवावा म्हणते. पण दहानंतर बाहेर उभे राहवत नाही, आणि ह्यांचे म्हणणे, 'उन्हात किल्ले चढवून पोरांना आजारी पाडशील.' सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, नकाशा राहू द्या बाजूला, आधी भिंतीवरचे कालनिर्णय बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती आणि सकाळी सव्वासात-साडेसातला सुकती, म्हणजे ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अर्ध्यापाऊण तासाचा फरक धरून चाला. द्वितीया-तृतीया हे दोन दिवस धरलेत, तर सकाळी ऊन कोवळे असताना खडक उघडे मिळतील आणि पाणी चढेल तेव्हा तुम्ही सावलीत असाल. अष्टमीला गेलात तर सुकती ऐन बारा वाजता. मग तुमच्या यजमानांचेच खरे ठरेल!

पहिला दिवस आमच्या पेडण्याला द्या. पहाटे निघा आणि थेट हरमल गाठा. उत्तरेच्या टोकाला खडक आहेत, त्यांच्या खळग्यांत पाणी अडकून राहते. तिथे पोरांना उकिडवे बसवा आणि बोलू नका म्हणावे. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, नखाएवढा, आणि खालून दोन तांबूस नांग्या बाहेर येतात. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटणारा हा खेकडा. ओल्या वाळूवर बिळाभोवती बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, रांगोळीचे ठिपके मांडावेत तशी. तीही खेकड्याचीच करणी: वाळूतले खाणे काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. भरती आली की सगळे पुसले जाते. तिथून जवळच, समुद्रापासून चार पावलांवर गोड्या पाण्याचे तळे आहे, तेही दाखवा.

नऊच्या सुमारास केरीला या आणि फेरीबोटीतून तेरेखोल नदी ओलांडा. गाडी अलीकडेच ठेवलीत तरी चालेल. पलीकडचा तेरेखोल किल्ला छोटा, सावंतवाडीकर भोसल्यांचा, 1746 मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. दहावीच्या मुलाला सांगायचे ते पुढचेच: 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी इथे तिरंगा लावला. तो जेमतेम दिवसभर फडकला आणि ते पकडले गेले. गोवा मुक्त व्हायला 1961 चा डिसेंबर उजाडला. तटाजवळून खाली बघितले की किल्ला इथेच का, हे सांगावे लागत नाही. आपले किनाऱ्यावरचे बहुतेक किल्ले नदीच्या मुखावर आहेत: शापोऱ्याचा शापोरा नदीवर, आग्वाद मांडवीवर, बेतूल साळ नदीवर. गलबते भरतीबरोबर आत यायची, त्यांच्यावर नजर ठेवायला ही जागा. म्हणून म्हणतो, रस्त्यापेक्षा नद्या धरून फिरा.

दुपारी जेवण, मानकुराद आंबा आणि झोप. संध्याकाळी शापोरा किल्ला. आजचा तट 1717 चा, जांभ्याचा. एका हिंदी सिनेमापासून तिथे फोटोवाल्यांची जत्रा असते. मला विचाराल तर वेळ कमी पडला तर हाच गाळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी-रायबंदर रस्त्याने हळू जा. हा बांध पोर्तुगिजांनी 1633-34 मध्ये घातला, आजही त्यावरून बसगाड्या धावतात. रायबंदरहून फेरीने चोडणला गेलात की सालिम अली पक्षी अभयारण्य, म्हणजे खारफुटीचे रान. मेमध्ये परदेशी पाखरे परतलेली असतात, म्हणून पक्ष्यांची फार आशा लावू नका. खारफुटीची मुळे मात्र बघा, चिखलातून वर आलेली, श्वास घ्यायला. आसपास खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या शेतीचा, बांध दिसला तर त्यातली मानस शोधा. लाकडी दार असते. भरतीचे पाणी त्याला बाहेरून रेटून बंद करते, सुकतीला आतले पाणी ढकलून उघडते. माणसाने हातही लावायला नको. धाकटीला हे किल्ल्यापेक्षा जास्त आवडेल, पैज लावतो.

मग परत फिरून जुने गोवे, तिथून फेरीने दिवाडी, आणि दिवाडीहून दुसऱ्या फेरीने नार्वे. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचा, कदंबांचे दैवत. पोर्तुगिजांनी देऊळ मोडल्यावर देव नदीपलीकडे आला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने इथे देवळाचे काम सुरू झाल्याचा शिलालेख दारावर आहे: शके 1590, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार. म्हणजे नोव्हेंबर 1668. पुण्याच्या पोरांकडूनच वाचून घ्या. गाभारा गार असतो, दुपार तिथेच काढा.

एक ताकीद. गाडी वाळूवर घालू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. दंड होतो तो वेगळाच. आणि मेअखेरीस समुद्र खवळायला लागतो, लाल बावटा असेल तर पायसुद्धा भिजवू नका.

प्रश्न : मे महिन्यात मोरजीला कासवे दिसतील का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : अंडी घालणारी मादी दिसायची आशा सोडा, तो हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. अंडी उबायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून उशिराच्या घरट्यांतली पिल्ले मेच्या सुरुवातीला निघू शकतात. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे वनखाते घरट्यांना कुंपण घालते. तिथल्या रखवालदाराला विचारा, तो सांगेल तिथेच उभे राहा. मोबाइलचा उजेड पाडू नका. पिल्ले समुद्राकडच्या उजेडाच्या रोखाने चालतात, तुमच्या उजेडाने उलटी फिरतील. उचलून पाण्यात सोडण्याचे पुण्य तर अजिबात नको.