धर्मात मनातली श्रद्धा महत्त्वाची की विधी?

श्रद्धा तर पाहिजेच, पण नुसत्या श्रद्धेवर धर्म टिकत नाही असं मला वाटते. आता आमच्या नागपूरचंच बघा ना, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारताना आधी स्वतः बौद्ध भिक्खू भदंत चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतलं आणि मग समोरच्या लाखो लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातल्या एकीत श्राद्ध-पिंडदान करणार नाही असं आहे, म्हणजे जुने विधी सोडायलाही सगळ्यांनी मिळून मोठ्यानं बोलायचा एक विधी लागलाच की! मनातल्या मनात कोणीही ठरवते, पण चारचौघांत बोललं की मागे फिरणं कठीण होते राजेहो.

टेकडी गणपतीसमोरून जाताना गाडी स्लो करून एका हातानं नमस्कार करणारे असतात (हेल्मेट नसते ते वेगळं), त्यांनाही मी नावं ठेवणार नाही, सवयीनं का होईना आठवण तर राहते. प्रॉब्लेम कुठे होते तर विधी न करणाऱ्याला पापी ठरवतात, कर्ज काढून तेरवी करायला लावतात, तिथे. गाडगेबाबा, तुकडोजी महाराज यांनी विदर्भात याच्यावरच तर झोडपलं, आणि तेही कीर्तन-भजनातूनच.