अमेरिकन नागरिकाशी लग्न झालंय, जन्मदाखल्यावर नावच नाही. कोल्हापुरातून कागद कसे जमवायचे?

ताई, तुमचा प्रश्न असा की नवरा अमेरिकन नागरिक आहे, आय-१३० (बायकोसाठी नवऱ्यानं करायचा अर्ज) मंजूर झालाय आणि आता नॅशनल व्हिसा सेंटरनं, म्हणजे एनव्हीसीनं, कागद मागितलेत. जन्मदाखल्यावर तुमच्या नावाचा रकाना कोरा आहे. वडिलांचं नाव तिथं 'बाळासो' आणि शाळेच्या दाखल्यावर 'बाळासाहेब' असं आहे. वडील आता नाहीत. मध्ये दोन वर्षं तुम्ही दुबईत नोकरी केलीय. आणि एजंट म्हणतोय, सगळ्याला अपोस्टिल (परदेशात चालावा म्हणून कागदावर मारून घ्यायचा सरकारी शिक्का) करू, एक प्रतिज्ञापत्र जोडू, की झालं.

माझं उलटं होतं. बायको अमेरिकन नागरिक आणि मी कोल्हापूरचा. 'निघाला घरजावई सातासमुद्रापार' म्हणून गल्लीनं वर्षभर चेष्टा केली. पण त्या चेष्टेपेक्षा जास्त त्रास मलाही एका 'सो'नंच दिला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एजंटाचं बघू. अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसासाठी भारतीय जन्मदाखल्याला किंवा विवाह प्रमाणपत्राला अपोस्टिल लागत नाही. माझेही पैसे एकानं त्यापायी घेतले होते आणि शिक्के मारलेले ते कागद मुलाखतीत कुणी उलटून पाहिले नाहीत. दुसरी गोष्ट, प्रतिज्ञापत्र हा जन्मदाखल्याला पर्याय नाही. नोंद कुठंच सापडत नसेल तर निबंधकाकडून 'नोंद आढळत नाही' असा लेखी दाखला घ्यायचा आणि मग त्याच्या जोडीला शाळा सोडल्याचा दाखला, वयानं मोठ्या जवळच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र वगैरे द्यायचं. तुमची तर नोंद आहे, फक्त अर्धी आहे. ती पुरी करायची. धडधडीत नोंद असताना प्रतिज्ञापत्र पुढं केलं तर समोरचा विचारणारच की मूळ दाखला का लपवताय.

रकाना कोरा राहण्यात गैर काही नाही, आपल्याकडं हजारोंचा राहिलाय. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. दवाखाना आपली माहिती कळवून मोकळा होतो, तोवर बाळाचं बारसंही झालेलं नसतं. नंतर नाव घालायला जायचं असतं हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, त्यात यासाठी कलम १४ आहे. वर्षाच्या आत नाव घातलं तर फुकट, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तुमची १५ वर्षं कधीच उलटून गेली असणार. पण अशा जुन्या नोंदींसाठी मुदतवाढ वेळोवेळी मिळत आलीय. म्हणून पहिल्याच फेरीला खिडकीवर नेमकं हेच विचारा: 'जुन्या नोंदीत नाव समाविष्ट करायची मुदत सध्या चालू आहे का?' असेल तर एक दिवसही दवडू नका. अर्ज आईच्या सहीनं करता येतो. सोबत आईचं आधार, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला न्या. रेशन कार्ड अमेरिकेला कवडीच्या उपयोगाचं नाही, पण इथल्या खिडकीवर लागू शकतं, तेही पिशवीत असू द्या. आणि नाव घालताना पासपोर्टवरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर तेच लिहून द्या. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत निघतो, आणि पुढं तुमच्या कामी येणारी बाजू इंग्रजीच आहे.

नोंद कुठल्या खिडकीवर, हा प्रश्नही आपल्याकडं वाटतो तितका सोपा नाही. जन्म जिथं झाला तिथं नोंद. सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा शहरातल्या दवाखान्यात जन्म झाला असेल तर महापालिका. पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आपलं आजोळ जिथं, तिथली नगरपालिका नाहीतर ग्रामपंचायत. माझ्या ओळखीतल्या एका वहिनींचं सगळं आयुष्य कागलात गेलं, पण जन्म निपाणीतला, म्हणजे कर्नाटकातला. त्यांना इथं कितीही शोधून नोंद मिळाली नसती.

माझा जन्म आजोळी, गडहिंग्लज तालुक्यातल्या एका खेड्यात, घरीच झाला. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी त्या सालचं रजिस्टर दोनदा चाळलं, नाव नाही. मी रडकुंडीला आलो होतो. मग त्यांनाच सुचलं की डिसेंबरच्या शेवटचा जन्म आहे, तर पुढच्या सालचं पुस्तक बघू. जानेवारीच्या पहिल्या पानांवर सापडलो. नोंदी जन्मतारखेनं नाही, नोंदणीच्या तारखेनं लावलेल्या असतात. वर्षाअखेर जन्मलेल्या कुणाला 'नोंद नाही' असं सांगितलं गेलं तर पुढचं पुस्तक उघडायला लावा.

आता 'सो'. कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हे समजावणं कठीण आहे. आपल्याकडं साहेबाचा 'सो' होतो: बाळासो, आण्णासो, दादासो. सातबाऱ्यावर, लग्नपत्रिकेवर, सोसायटीच्या खात्यावर सगळीकडं. माझ्या जन्माची खबर द्यायला गेले आजोबा, त्यांनी जावयाचं नाव जसं हाक मारायचे तसंच, 'बाळासो', सांगितलं. शाळेत मास्तरांनी ते पूर्ण लिहिलं, पासपोर्टवर ते शाळेवरून आलं. आपल्याला दोन्ही एकच, पण इंग्रजीत बघणाऱ्या अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसं दिसतात.

यावर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे कलम १५ खाली नोंदीत दुरुस्ती मागायची. मूळ मजकूर खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख घालतात. दुसरा, 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून दाखल्यासोबत जोडायचं. मी दुसरा रस्ता धरला. वडिलांनी स्वतः प्रतिज्ञापत्र केलं आणि माझं तेवढ्यावर भागलं. तुमच्याकडं आई आहेत, त्यांनी करावं, एखादे चुलते हयात असतील तर त्यांचंही घ्या. पण तुम्ही नाहीतरी नाव घालायला त्याच खिडकीवर जाणार आहात, तर दुरुस्तीचाही अर्ज त्याच फेरीत देऊन बघा, झाली तर उत्तमच. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर आणि आईच्या आधारवर कुठलं रूप आहे तेही आधी बघून ठेवा, नाहीतर तिसरंच काहीतरी निघायचं.

माझं मत विचाराल तर सगळे कागद एकसारखे करण्याच्या मागं लागू नका. 'सो' आणि 'साहेब' यांचा खुलासा करता येतो. आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख यांत फरक असेल तर मात्र खुलाशावर सोडू नका, मुळातच दुरुस्त करा. जन्मतारखेचं खास सांगतो, कारण आपल्याकडं मास्तरांच्या कृपेनं अर्ध्या पंचक्रोशीचा वाढदिवस १ जूनला असतो. पासपोर्टवर १ जून आणि जन्मनोंदीत भलतीच तारीख असेल तर डीएस-२६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरायच्या आधी पासपोर्ट जन्मदाखल्याप्रमाणे करून घ्या. भरून बसल्यावर जास्त महागात पडतं.

लग्नानंतरच्या नावाचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. सासरी तांदळात बोटानं लिहिलेलं नवं नाव आणि मधलं नवऱ्याचं नाव लावायलाच हवं अशी अमेरिकेची काही अट नाही. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर राहू द्या. व्हिसा पासपोर्टच्या नावावर छापला जातो. प्रकरण मध्यावर असताना पासपोर्ट बदलणाऱ्यांची पुढं किती पळापळ होते ते मी पाहिलंय. पण बँकेत, आधारवर कुठंही सासरचं नाव लावलं असेल तर डीएस-२६० मध्ये 'इतर वापरलेली नावं' या प्रश्नात ते न विसरता लिहा.

विवाह प्रमाणपत्र आय-१३० सोबत गेलेलंच असणार, त्यामुळं आता फक्त मूळ प्रत हाताशी ठेवा. कार्यालयाचं किंवा देवस्थानाचं सर्टिफिकेट नाही, विवाह निबंधकाचं, १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखालचं. तुमच्या बाबतीत नसेल, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो: आधीचं लग्न झालेलं असेल तर स्टॅम्पपेपरवरच्या काडीमोडावर विसंबू नका, कोर्टाचा हुकूमनामाच दाखवावा लागतो.

पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, सगळ्यात शेवटी काढा. भारतातला हा दाखला पासपोर्ट खात्याकडून घ्यायचा, आपल्या पोलीस ठाण्याचं चारित्र्य प्रमाणपत्र यासाठी चालत नाही. पासपोर्ट सेवाच्या वेबसाइटवर अर्ज, ५०० रुपये शुल्क, आणि कोल्हापूर पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतं. पण त्यासाठी पुणं गाठायलाच हवं असं आता नाही, २०२२ च्या सप्टेंबरअखेरपासून पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीचे अर्ज घेतात. अर्जात देश अमेरिका निवडा, दुबईला जाताना काढलेला जुना पीसीसी इथं चालवायला जाऊ नका. पासपोर्टवरचा पत्ता आणि सध्याचा पत्ता वेगळा असेल तर पडताळणीत वेळ जातो, तो धरून चाला.

आणि दुबई. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या कुठल्याही देशात १२ महिने किंवा जास्त राहिला असाल तर तिथल्या पोलिसांचाही दाखला लागतो. हे एजंटानं तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. माझ्या मते तुमच्या यादीत सगळ्यात वेळखाऊ हाच ठरेल, म्हणून त्याची सुरुवात आजच करा. दाखले दोन वर्षांपेक्षा जुने झाले आणि तुम्ही त्याच देशात राहत असाल तर नवा काढावा लागतो. म्हणून भारताचा शेवटी, दुबईचा आधी.

भाषांतराचं थोडक्यात. दाखला द्विभाषिक असेल तर प्रश्नच नाही. निव्वळ मराठीत असलेल्या कागदाचं इंग्रजी भाषांतर करून खाली भाषांतरकारानं 'मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर अचूक आहे' असं लिहून नाव, सही, तारीख घालायची. माझं एका निवृत्त प्राध्यापकांनी करून दिलं, एका डब्याभर कंदी पेढ्यांवर.

एनव्हीसीला पाठवायचं स्कॅन रंगीत करा आणि दोन्ही बाजूंचं, मागं फक्त एक शिक्का असला तरी. एक कागद नाकारला गेला की तो पुन्हा टाकून परत रांगेत थांबायचं, म्हणून थोडे थोडे कागद चढवत बसू नका. ३२५ आणि १२० डॉलरचं शुल्क नवरा तिकडून भरेल, आय-८६४, म्हणजे तुमच्या खर्चाची हमी देणारा फॉर्म, आणि त्याचे कर-विवरणही त्याचंच काम. त्याला आत्तापासूनच मागं लागा, तिकडची माणसं आपल्यापेक्षा जास्त चालढकल करतात असा माझा अनुभव आहे. बायको हे वाचेल, तरी लिहितोय.

मुलाखत मुंबईच्या वाणिज्य दूतावासात, बीकेसीत. मूळ कागद तिथं न्यायचे. मी महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर फाईल उशाला घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी जन्मदाखला आणि प्रतिज्ञापत्र शेजारी शेजारी ठेवलं, 'बाळासो' हा शब्द दोनदा मोठ्यानं वाचला आणि पुढचा प्रश्न लग्नाला किती माणसं होती हा विचारला. साडेसातशे म्हटल्यावर त्यांनी मान वर करून बघितलं. फोटो दाखवा म्हणाल्या नाहीत, मी पाच किलोचा अल्बम उगाच वाहून नेला होता. तुम्ही पंधरा-वीस फोटो छापून न्या.

सोमवारी आईंना घेऊन खिडकीवर जा, सकाळी लवकर. मुदतीबद्दल काय सांगितलं ते इथंच खाली लिहा, मग कलम १५ च्या अर्जाचा मजकूर कसा असावा ते बघू.