चिकट थराचा प्रोजेक्ट, आणि पुढे नोकरीचं काय?

"सर, मी टॉवेल कारखान्यात कामाला आहे. मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टला बायोफिल्म घेतलंय. जिवाणूंचा चिकट थर कशात जास्त वाढतो ते बघायचंय म्हणते. यातून पोटापाण्याचं काय होणार?"
– एक पालक, सोलापूर

नमस्कार. विषय बदलायला लावू नका. जिवाणू कोणता निवडतेय तेवढं विचारा. दवाखान्यातले जंतू घ्यायचा मोह पोरांना फार. कॉलेजच्या लॅबमध्ये ती जोखीम कशाला? आपल्याकडे हा थर शिवारातच आहे. ठिबकच्या नळ्यांत चिकटा धरतो, ड्रिपर चोंदतात. क्षार साचले तर आम्ल, चिकटा असेल तर क्लोरीन, हे डाळिंबवाल्यांना पाठ असतं. (दोन्ही एकत्र कधीच सोडू नयेत, विषारी वायू होतो.)

माझी पसंती मात्र उसाला. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू त्यात वाढतो आणि साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतो. रस चिकट होतो, कारखान्याची डोकेदुखी वाढते. त्याच जिवाणूला साखरेऐवजी नुसतं ग्लुकोज द्या: तो वाढतो, पण डेक्स्ट्रान होत नाही, कारण त्याच्या विकराला (एन्झाइमला) सुक्रोजच, म्हणजे आपली नेहमीची साखरच लागते. एवढ्या एका फरकावर छान प्रोजेक्ट उभा राहतो. शिवाय हेच डेक्स्ट्रान शुद्ध करून औषधात वापरतात.

तापमान, सामू (पीएच), मीठ, साखर, द्रव हलता की स्थिर, यातलं एका वेळी एकच बदलायचं. थर मोजायची ९६ खणांची प्लेट नसली तरी अडत नाही. टेस्टट्यूबमधला थर धुऊन क्रिस्टल व्हायोलेटनं रंगवायचा, पुन्हा धुवायचा, मग रंग ३० टक्के अॅसिटिक अॅसिडमध्ये उतरवून कलरीमीटरवर, म्हणजे रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर मोजायचा. पण धुण्याआधी द्रवाचा गढूळपणा मोजायलाच हवा. नाहीतर थर खरंच वाढला की नुसते जिवाणूच जास्त झाले, हे सांगता येत नाही. आणि हा रंग मेलेल्या पेशींनाही लागतो. मुलाखत घेणारा मी असतो, तर याच दोन गोष्टी विचारल्या असत्या.

आता नोकरी. डेअरीत आणि आरओ (पाणी शुद्धीकरण) प्लांटमध्ये हा थर नको असतो. सांडपाणी प्रक्रियेत तो मुद्दाम वाढवतात. त्यातल्या एमबीबीआर नावाच्या टाकीत प्लास्टिकचे छोटे तुकडे तरंगत असतात, त्यांच्यावरचा थर घाण खातो. नुसत्या बीएस्सीवर ईटीपीची (कारखान्याच्या सांडपाणी प्लांटची) लॅब किंवा डेअरीचं क्यूसी (गुणवत्ता तपासणी) मिळू शकतं, पण सुरुवातीच्या पगारावर फार भिस्त ठेवू नका. ऐपत असेल तर एमएस्सी करू द्या. ती आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातही होते. बाहेर जायचं तर जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आणि गॅट-बी या प्रवेश परीक्षा आहेत.

केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबावरचा तेल्या हाही झँथोमोनास या जिवाणूचाच रोग. गाईडचं पत्र घेऊन तिला तिथं एकदा चौकशी करू द्या, परीक्षेचे फॉर्म सुटायच्या आधी.